पाच ओळींच्या आत

आमच्या विद्यापीठाच्या नाट्यविभागाने बावीस वर्षे खपून जो त्रिखंडी रंगभूमीकोश सिद्ध केला, त्यात एका माकडावर सव्वा पान आहे. हे माकड १९०८ साली बफेलोच्या एका नाट्यगृहात सायकल चालवत रंगमंचावर येई आणि टोपी काढून प्रेक्षकांना अभिवादन करी. माकडाविषयी माझी तक्रार नाही. नोंद काळजीपूर्वक लिहिलेली आहे, तळटिपा अचूक आहेत. मात्र ज्या बाईने चाळीस वर्षे, दर आठवड्याला शंभरावर नवी पाने पाठ करून अभिनय केला, तिच्यावर त्या कोशात एक अक्षर नाही. मी संपादकांना कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले की हा कोश रंगभूमीचा आहे, साबणाचा नाही. दुपारच्या मालिका साबणवाल्यांच्या जाहिरातींवर पोसल्या गेल्या, म्हणून त्यांना आमच्याकडे साबणाच्या मालिका म्हणतात. हा विनोद संपादकांना इतका आवडला की त्याच आठवड्यात त्यांनी तो दोनदा केला.

त्या बाईचे नाव लेनोर हॅस्केल. जन्म डुलूथ, मिनेसोटाचा; वडील धान्याच्या कोठारावर मुकादम. १९४७ साली ती शिकागोच्या रेडिओवर आली. पुढे न्यूयॉर्कला टेलिव्हिजनवर तिने जे केले त्याची यादी देण्याचा मोह मी आवरते, कारण यादीत ते सगळे एकसारखे दिसेल आणि तिचे सारे कर्तृत्व ते एकसारखे नसण्यात होते. एका मालिकेत ती नवऱ्याच्या सूपमध्ये थेंबाथेंबाने विष कालवत होती, आणि ती मालिका संपल्यावर तीन आठवड्यांनी दुसऱ्या वाहिनीवर ख्रिस्ती जोगीण होऊन आली, तेव्हा तिने चालण्याचा वेगच बदलला होता. विषारी बाई घाईत चालायची. जोगीण जमिनीला विचारून पाऊल टाकायची. हे तिला कुणी सांगितले नव्हते. सांगायला वेळच नसे. सकाळी साडेसातला तालीम, दुपारी चित्रण, संध्याकाळी धुलाईच्या दुकानात यंत्रापुढे बसून उद्याची पाने. परत परत घेण्याची चैन तिथे नव्हती. भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात, जणू तो त्याच क्षणी घराघरांत जातो आहे अशा रीतीने टेपवर घेतला जाई.

या सर्वांत तिची मोठी भूमिका म्हणजे ‘मॅलोरी पॉइंट’ या मालिकेतली कॉर्डेलिया थेअर. गावातल्या कापडगिरणीची मालकीण, तीन नवरे, एक मुलगा आणि कुणाचेही वाक्य पुरे न होऊ देण्याची सवय. लेनोरने ती चौदा वर्षे केली. १९७५ मध्ये तेव्हाच्या निर्मात्याने कॉर्डेलियाला नौकेवर चढवले आणि नौकेला आग लावली. प्रेत सापडले नाही, कारण आमच्या मालिकांत शहाणा लेखक प्रेत सापडू देत नाही.

वर्षभराने लेनोर त्याच मालिकेत परत आली, पण कॉर्डेलिया म्हणून नव्हे. थेअरांच्या घरात एक मोलकरीणवजा घरव्यवस्थापक बाई हवी होती, मिसेस प्रुइट नावाची. करड्या केसांचा टोप, जाड चष्मा, किंचित वाकलेले खांदे. दिवाणखान्यात भिंतीवर कॉर्डेलियाचे मोठे तैलचित्र टांगलेले होते, म्हणजे लेनोरचेच. त्याच्याखाली लेनोर रोज ट्रे घेऊन उभी राही, आणि त्या घरातले कोणी, तिचा पडद्यावरचा मुलगाही, चित्राकडून तिच्याकडे पाहून दचकत नसे. बाहेरच्यांना हे हास्यास्पद वाटते. आतल्यांसाठी तो साधा शिष्टाचार आहे. नट तोच, माणूस नवा. प्रेक्षक पहिल्याच दिवशी ओळखतो आणि ओळखल्याचे दाखवत नाही. ज्यांना ग्रीक मुखवट्यांवर चारशे पाने लिहिता येतात त्यांना एवढा साधा करार समजू नये, हे मला अजूनही उमगलेले नाही.

१९७८ च्या वसंतात मालिकेवर नवे निर्माते आले. व्हिट अ‍ॅकर्ली, वय छत्तीस. त्याआधी ते सकाळच्या न्याहारीच्या लाह्या विकत असत आणि त्या विकण्यात फार हुशार होते. मी त्या दिवसांत नटांच्या पाठांतरावर एक अभ्यास करत असल्यामुळे रोज दहाव्या अ‍ॅव्हेन्यूजवळच्या त्या स्टुडिओत जाऊन बसत असे, तेव्हा पुढचे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आमच्या मालिकांत करार कितीही वर्षांचा असला तरी दर तेरा आठवड्यांनी निर्मात्याला तो मोडता येतो. नटाला येत नाही. लेनोरचे तेरा आठवडे भरताच अ‍ॅकर्लींनी तिला बोलावून घेतले. दार उघडे ठेवून बोलण्याची त्यांची पद्धत होती. त्याला ते मोकळेपणा म्हणत.

“हे मनाला लावून घेऊ नकोस, लेनोर,” ते म्हणाले. “आपला प्रेक्षक तरुण झालाय.”

“प्रेक्षक तोच आहे, मिस्टर अ‍ॅकर्ली. तरुण तुम्ही झालात.”

त्यांनी हसून घेतले आणि योजना सांगितली. तिचा करार संपला. मात्र थेअरांच्या घराचे दार उघडायला कोणीतरी लागणारच, तेव्हा तिची इच्छा असल्यास ती ‘पाच ओळींच्या आतली’ म्हणून येऊ शकेल.

हा आमच्या धंद्यातला एक वर्ग आहे. एका भागात ज्याला पाच किंवा त्याहून कमी ओळी असतात तो त्या दिवसापुरता येतो, शेवटच्या नामावळीत त्याचे नाव येत नाही, त्याला स्वतःची खोली मिळत नाही. वाढपी, टॅक्सीवाला, कोर्टातला शिपाई. सहावी ओळ बोलला की तो त्या दिवसापुरता नट ठरतो आणि संघटनेच्या नियमाप्रमाणे त्याला नटासारखे वागवावे लागते. म्हणून ओळी मोजल्या जातात. अ‍ॅकर्ली त्या स्वतः मोजत, लाल पेन्सिलीने. आणखी तेरा आठवड्यांनी, त्यांनी पुढे सांगितले, मिसेस प्रुइट ओहायोला आपल्या बहिणीकडे जाईल, चित्र गुदामात जाईल, आणि दिवाणखान्याला पिवळा रंग देण्यात येईल.

तिच्या एजंटने फोनवर तिला सांगितले की ताबडतोब निघून जा, यात अपमान आहे. तिने त्याला विचारले की निघून कुठे जाऊ. त्याच्याकडे पत्ता नव्हता. चौपन्न वर्षांच्या बाईसाठी त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये दुपारचे एकही काम नव्हते, आणि संध्याकाळची कामे ज्यांच्या हाती होती ते दुपारी टेलिव्हिजन लावत नसत. तेव्हा प्रश्न सरळ होता: तेरा आठवड्यांत काही घडले नाही तर लेनोर हॅस्केल नट म्हणून संपणार होती, आणि जे घडायचे ते पाच ओळींत घडायला हवे होते.

दारावरची तिच्या नावाची पाटी काढली गेली त्या दिवशी मॅक्सीन टिबेट तिच्याजवळ येऊन बसली. मॅक्सीन फ्लोअर मॅनेजर. कानाला यंत्र लावून कॅमेऱ्यांच्या मधे उभी राहायची आणि कंट्रोल रूममधला दिग्दर्शक जे सांगेल ते हातवाऱ्यांनी नटांना कळवायची. बावीस वर्षे ती हे करत होती आणि तिला शब्दांविषयी तुच्छता होती.

“अगं, सोड ना,” मॅक्सीन म्हणाली. “चौदा वर्षं राज्य केलंस त्या घरात, आता काय कॉफी वाटत बसणार?”

“दार उघडायला कोणीतरी लागतंच. मीच उघडते. माझ्याइतकं चांगलं कोण उघडणार?”

“बाई, गर्व बघा. दार उघडायचा पण गर्व.”

गर्व होताच, आणि तो योग्य होता. पहिले सात आठवडे तिने “या, साहेब”, “कॉफी ठेवू?” आणि “फोन आहे आपला” या वाक्यांवर जे काम केले त्याची टिपणे माझ्याकडे आहेत. अ‍ॅकर्लींना ती वाचायला दिली असती तर त्यांनी त्यातल्याही ओळी मोजल्या असत्या.

आठव्या आठवड्यातला बुधवार. कॉर्डेलियाचा मुलगा ज्युलियन याची भूमिका ट्रेंट सॉर्ली नावाचा तरुण करत होता. अ‍ॅकर्लींनीच आणलेला, दाढीच्या फेसाच्या जाहिरातीतून. देखणा, मनाने चांगला आणि पाठांतरात कच्चा. त्या दिवशी त्याचे दोन प्रसंग होते, दुसऱ्या अंकात एक आणि चौथ्या अंकात एक (दोन जाहिरातींमधल्या तुकड्याला आम्ही अंक म्हणतो), आणि दोन्हींत समोरचे पात्र त्याला म्हणणार होते, “तुमच्या आईंना हे आवडलं नसतं.” आमच्या मालिकांत हे नेहमी होते. एकच वाक्य आठवड्यात चार जण चार खोल्यांत बोलतात, कारण प्रेक्षक कधी सोमवारी नसतो, कधी गुरुवारी नसतो. जुने नट अशा वाक्याशेजारी पेन्सिलीने खूण करून ठेवतात. ट्रेंटला ही खूण कुणी शिकवली नव्हती.

दुसऱ्या अंकात हे वाक्य मिसेस प्रुइटच्या वाट्याला होते. ती तिची पाचवी ओळ. ती बोलून झाल्यावर ज्युलियनने आईच्या चित्राकडे पाहत दोन पानांचे भाषण करायचे होते. लेनोरने ओळ म्हटली. ट्रेंटच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीच नव्हते. मग त्याला समोर चौथा अंक दिसला असावा. “मग माझं इथे काही काम नाही,” असे म्हणून तो ताडताड दारापाशी गेला आणि दार आपटून बाहेर पडला.

मी कंट्रोल रूममध्ये मागच्या खुर्चीवर होते. दिग्दर्शक सॉल ग्रुबर पुढे, त्याच्या शेजारी वेळ मोजणारी सहायिका, मागे उभे अ‍ॅकर्ली. सहायिकेने घड्याळ पाहून सांगितले की जाहिरातीला दोन मिनिटे अकरा सेकंद आहेत. पडद्यांवर एक दिवाणखाना होता आणि त्यात ट्रे धरलेली एक बाई.

“थांबवा,” अ‍ॅकर्ली म्हणाले.

“थांबवायला तुमची सही लागते,” ग्रुबर मागे न वळता म्हणाला. “तुमचंच पत्रक आहे. सही करताय?”

ते पत्रक महिन्याभरापूर्वीचे होते. टेप थांबवणे म्हणजे दिग्दर्शकाचे अपयश, असे त्यात लिहिले होते. अ‍ॅकर्ली सही करायला तयार नव्हते. त्यांनी जे केले ते मला इतके खरे वाटते की एखाद्या नाटककाराने लिहिले असते तर मी त्यावर अतिशयोक्तीचा ठपका ठेवला असता. त्यांनी हातातली संहिता उघडली, लाल खुणांवरून बोट फिरवले आणि म्हणाले, “तिला ओढायला सांग, वेळ भरून काढायला. पण बोलायचं नाही. तिच्या पाच झाल्यात.”

ग्रुबर आता मात्र मागे वळला. त्याने त्यांच्याकडे एक सेकंद पाहिले. तेवढाच त्याच्याकडे होता. मग तोंडापुढच्या यंत्रात शांतपणे म्हणाला, “मॅक्सीन, ओढायला सांग तिला. आणि तोंड बंद.”

मॅक्सीनने दोन्ही हात छातीपुढे धरून चिकट पाक ताणावा तसे बाजूला नेले, आणि मग ओठांवर बोट ठेवले. ही दुसरी खूण तिने जन्मात कधी कुणा नटाला केली नव्हती. नंतर ती म्हणाली, “मला वाटलं मी चर्चमध्ये पोरं गप्प करतेय.”

लेनोरने खूण पाहिली. तिच्या चेहऱ्यावर त्याचे काही उमटले नाही, कारण तो चेहरा त्या वेळी तिचा नव्हता. मिसेस प्रुइटने आपटलेल्या दाराकडे पाहिले, इतका वेळ की तो पोरगा परत येईल अशी आशा प्रेक्षकालाही वाटावी आणि संपावी. मग तिने ट्रे ठेवला. ज्युलियनने न प्यायलेला कप उचलला, तो अजून गरम आहे हे बोटांनी पाहिले, आणि खाली ठेवण्याऐवजी दोन्ही हातांत धरून उभी राहिली. परक्याच्या घरात हात शेकण्याची चोरटी सवय असलेल्या बाईसारखी. चाळीस सेकंद गेले. तिने कप ठेवला, खुर्ची सरळ केली, गालिच्याची दुमडलेली कड पायाने सारखी केली. प्रत्येक काम ती पूर्ण करत होती आणि प्रत्येक कामागणिक चित्राच्या एक पाऊल जवळ जात होती, आणि हे आपल्याला कळते आहे हेही प्रेक्षकाला कळत नव्हते.

“तीन, हळू आत ये,” ग्रुबर कुजबुजला. तिसरा कॅमेरा सरकू लागला.

ती चित्राखाली आली. चष्म्यावर धुके धरले होते, कपाच्या वाफेने. तिने तो काढला आणि एप्रनच्या टोकाने पुसू लागली. पुसता पुसता मान वर केली. एवढेच. पण ती मान मिसेस प्रुइटची नव्हती. हनुवटी किंचित डावीकडे, पापण्या अर्ध्या, समोरच्याचे वाक्य आता तोडणार असा ओठांचा तो सूक्ष्म ताण. ज्यांनी चौदा वर्षे कॉर्डेलिया थेअर पाहिली होती त्यांना तो अंधारातही ओळखता आला असता. भिंतीवर तो चेहरा होता आणि भिंतीखाली तोच चेहरा होता, आणि दोघी एकमेकींकडे पाहत होत्या. मी सहायिकेच्या घड्याळावर पाहिले: एक सेकंद, फार तर सव्वा. मग तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. खांदे खाली आले. मिसेस प्रुइटने ट्रे उचलला, आणि दिवा मालवण्यासाठी तिचा हात बटणावर गेला त्या क्षणी सहायिका म्हणाली, “शून्य.”

चौथ्या अंकात ट्रेंटने तेच वाक्य म्हणून पुन्हा दार आपटले. त्यावर कोणाही प्रेक्षकाने हरकत घेतल्याची नोंद नाही. ज्युलियन थेअर रोज कुठून तरी निघूनच जात असे. चित्रण संपल्यावर तो रडकुंडीला येऊन लेनोरपुढे उभा राहिला आणि मिसेस हॅस्केल, मिसेस हॅस्केल असे म्हणत राहिला.

“बाळा,” ती म्हणाली, “तू मला आज दोन पानं दिलीस. माझ्या एजंटनं अकरा वर्षांत अर्धं नाही दिलं.”

मग तिने त्याला शेजारी बसवून ती पेन्सिलीची खूण शिकवली.

अ‍ॅकर्लींचे त्या दिवशीचे मत असे होते की संकट टळले, ओळी पाचच राहिल्या, आणि घरकाम करता करता मालिका बघणाऱ्या बायका एवढे बारकाईने काही पाहत नाहीत. भाग अडीच आठवड्यांनी दाखवला गेला. त्या दुपारी पावणेतीनला स्टुडिओच्या टेलिफोन फलकावरचे दिवे पेटले आणि साडेपाचपर्यंत विझले नाहीत. चार दिवसांनी पत्रे आली. ती आधी पेटीत मावली, मग पोत्यांत, मग अ‍ॅकर्लींच्या कार्यालयाबाहेर रांगेत ठेवावी लागली, आणि त्यांचे दार उघडेच असल्यामुळे ती त्यांना दिवसभर दिसत राहिली.

मी त्यातली सहाशे वाचली. अ‍ॅक्रनच्या एका परिचारिकेने लिहिले होते की रात्रपाळीहून आल्यावर ती हा एकच तास जागी राहते, आणि कॉर्डेलिया त्या घरात दोन वर्षे वेष पालटून राहते आहे हे तिला आता पक्के कळले आहे. स्पोकेनच्या एका निवृत्त रेल्वे कामगाराने मानेच्या कोनाची आकृती काढून पाठवली होती. बहुतेकांचा तर्क हाच होता. पण पाचांतल्या एखाद्या पत्रात निराळे आणि, माझ्या मते, अधिक खोल वाचन होते. मेम्फिसच्या एका स्वयंपाकिणीने लिहिले: ती कॉर्डेलिया नाही. तिने मालकिणीची मान उचलून पाहिली, कोणी घरात नसताना मालकिणीचा कोट घालून पाहावा तशी. मी पण पाहिलाय घालून. या वाक्याच्या तोडीचे एकही वाक्य आमच्या विभागाने अभिनयावर बावीस वर्षांत छापलेले नाही, आणि हे मी विभागाच्या बैठकीत म्हटले, आणि बैठकीचा पुढचा विषय सुरू झाला.

बाराव्या आठवड्यात अ‍ॅकर्लींनी लेनोरला बोलावले. या वेळी त्यांनी दार लावून घेतले. पण मधली भिंत पातळ होती आणि मॅक्सीन भिंतीपलीकडे मुद्दाम बसली होती, त्यामुळे स्टुडिओला सर्व कळले. मालिकेची मुख्य लेखिकाही आत होती. अ‍ॅकर्लींनी उदारपणे सांगितले की कॉर्डेलिया परत येईल. मिसेस प्रुइट एका शुक्रवारी टोप काढेल आणि म्हणेल, मी जिवंत आहे. नवा करार, नामावळीत पहिले नाव, खोली. दाराची पाटी आजच लागेल.

लेनोरने विचारले की मिसेस प्रुइटचे काय.

“म्हणजे? ती संपली. तीच कॉर्डेलिया.”

“नाही.”

“अगं, पण त्या दोन मिनिटांत तूच तर दाखवलंस.”

“मी चष्मा पुसला, मिस्टर अ‍ॅकर्ली. बोलायची मला बंदी होती.”

तिने मग जे सांगितले ते लेखिकेने नंतर मला जवळजवळ शब्दशः सांगितले. कॉर्डेलिया थेअर स्वतःच्या मुलाला कॉफी देत दोन वर्षे गप्प बसली असती का? ती बाई दोन मिनिटे गप्प बसू शकत नाही. गप्प बसते ती दुसरी. एकीला दुसरी करून टाकली तर उद्यापासून दोघीही खोट्या. दोघी राहतील, दोघी मी करीन, आणि दोघी एकमेकींशी बोलतील.

अ‍ॅकर्ली म्हणाले की एकच बाई दोन भूमिकांत लोक मान्य कसे करतील.

“दोन वर्षं काय करतायत मग?”

लेखिका इथे पहिल्यांदा बोलली. ती म्हणाली की सावत्र बहीण करता येईल, वडिलांचे कॅन्सस सिटीतले प्रकरण; आपल्याकडे कॅन्सस सिटीत अजून कुणाचे काही नाही. अ‍ॅकर्लींनी खिडकीबाहेर पाहिले. मग त्यांनी करार पुढे केला. लेनोरने चष्मा लावून तो सर्व वाचला, सातव्या पानावर थांबली आणि तेरा आठवड्यांचे कलम आडवी रेघ मारून खोडले. तीन वर्षे म्हणजे तीन वर्षे. त्यांनी सांगितले की हे कलम आजवर कुणी खोडलेले नाही, सगळ्या मालिकांत आहे, ती प्रथाच आहे. तिने आपल्या नावाची आद्याक्षरे त्या रेघेशेजारी घातली आणि पेन त्यांच्याकडे वळवून धरले. पोती दाराबाहेर होती. त्यांनी आद्याक्षरे घातली.

भिंतीपलीकडून मॅक्सीनने टाळी वाजवली, एकच, आणि मग खुर्ची सरकवल्याचा आवाज केला.

अ‍ॅकर्ली त्यानंतर चौदा महिने होते. पुढे ते कुत्र्यांच्या खाद्याकडे गेले आणि तिथे त्यांनी उत्तम काम केले असे ऐकते.

दोघी बहिणींची पहिली भेट सप्टेंबरमधल्या एका गुरुवारी चित्रित झाली. कॉर्डेलिया स्वतःच्या घराची घंटा वाजवते. मिसेस प्रुइट दार उघडते. सात मिनिटांचा प्रसंग, जाहिरातीशिवाय. चित्रण दोन फेऱ्यांत करायचे होते. आधी डाव्या बाजूची बाई, उजवीकडे कोणी नाही. मग टेप मागे नेऊन उजव्या बाजूची, डावीकडे कोणी नाही. आणि यंत्र ते दोन अर्धे जोडणार. याचा अर्थ असा की पहिल्या फेरीत तिने रिकाम्या हवेशी बोलताना, जी अजून बोललीच नाही तिच्या वाक्यांपुरत्या जागा अचूक सोडायच्या होत्या. सेकंद चुकला तर दोघी एकमेकींवर बोलणार होत्या. ग्रुबरने सुचवले की मॅक्सीन कॅमेऱ्यामागून दुसरीची वाक्ये वाचेल.

“नको,” लेनोर म्हणाली. “मला ऐकू येतंय तिचं.”

कॉर्डेलियाच्या वेषात ती मंचाकडे निघाली तेव्हा केबल ओढणाऱ्या कामगारांनी न सांगता वाट दिली. एकाने तोंडातली सिगारेट काढली. तिने सात मिनिटे रिकाम्या दारापुढे उभे राहून ते घर परत घेतले. वाक्ये तोडली, जी वाक्ये कोणी बोलतच नव्हते ती तोडली, आणि एकदा, फक्त एकदा, समोरच्या न बोललेल्या उत्तरापुढे गप्प झाली. पस्तीस मिनिटांनी ती करड्या टोपात परत आली. त्याच कामगारांपैकी एकाने तिच्याकडे न पाहता सांगितले की बाई, ती खुर्ची जरा इकडे सरकवा ना. तिने सरकवली. मग दिवे लागले आणि तो कामगार ओशाळला, आणि मला वाटते त्या दिवशी तिला मिळालेली सर्वांत मोठी पावती ती होती. पण ती त्याच्याकडे पाहत नव्हती, कारण मिसेस प्रुइट कामगारांकडे पाहून हसत नाही.

दुसरी फेरी झाली. कंट्रोल रूममधल्या मधल्या पडद्यावर दोन अर्धे जुळले. दारात दोन बायका उभ्या होत्या. एकीचे वाक्य संपते तिथे दुसरीचे सुरू होत होते, आणि जिथे कॉर्डेलिया गप्प झाली होती तिथे मिसेस प्रुइट म्हणत होती, “तुमची खोली मी रोज झाडते.” वेळ मोजणाऱ्या सहायिकेने घड्याळ तपासले, पुन्हा तपासले आणि सांगितले की फरक शून्य. ट्रेंट सॉर्ली, ज्याला त्या दिवशी काम नव्हते, काचेमागे उभा राहून दोन्ही हातांनी तोंड झाकत होता.

आमच्या धंद्यात चांगले झाले असे कोणी म्हणत नाही. चूक झाली तर दिग्दर्शक पुन्हा म्हणतो. चूक झाली नाही तर पुढचे पान उलटतो. सॉल ग्रुबरने सव्वीस वर्षांत कधी याहून वेगळे केलेले नव्हते, आणि आजही केले नाही. त्याने यंत्र तोंडाजवळ ओढले आणि पान उलटले.

“मॅक्सीन,” तो म्हणाला, “दोघींना सांग. पुढचा प्रसंग.”